नवकारशी आणि एकवीस किलोमीटर

जव्हारहून मोखाड्याकडे येणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचच्या सुमारास तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिली, डोक्यावर हंडे घेऊन विहिरीकडे निघालेल्या बाया. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात, कोचाळे गावाजवळ आहे. तरीही होळी सरली की इथल्या पाड्यांवरची पायपीट सुरू होते. दुसरी, पोलीस भरतीची तयारी करणारी तरुण मुले-मुली. भरतीत पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते, आणि त्यातल्या सेकंदांवर गुण ठरतात. तिसऱ्या प्रकारात मात्र एकच माणूस येतो. वय सत्तेचाळीस, डोक्यावर विजेरी बांधलेली, अंगात नारिंगी बनियन. बाजारपेठेतील किराणा आणि भुसार मालाच्या दुकानाचे ते मालक. सारा तालुका त्यांना शेठ म्हणतो, आणि ते का धावतात हे त्या तालुक्यात फारसे कोणाला कळत नाही.

प्रारंभ डॉक्टरांच्या चिठ्ठीने झाला. साखर वाढली होती. रोज पाऊण तास चाला, असा सल्ला मिळाला. चालता चालता ते धावू लागले, आणि धावता धावता त्यांना घड्याळाचा नाद लागला. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एकदा आकडा सापडला की तो त्याला सोडत नाही. रोजमेळाच्या वहीसारखीच एक लाल कापडी बांधणीची वही त्यांनी धावण्यासाठी घातली. डाव्या पानावर अंतर, उजव्या पानावर वेळ, आणि खाली शेरा : ‘चढाला दम लागला’, ‘आंब्याचा हंगाम, झोप कमी’, ‘गुडघा ठीक’.

अर्धमॅरेथॉनचे अंतर आहे २१.०९७५ किलोमीटर. हा आडवातिडवा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची देणगी. तिथे आखलेली २६ मैल ३८५ यार्डांची वाट पुढे मॅरेथॉनचे प्रमाण अंतर म्हणून रूढ झाली आणि तिचा निम्मा भाग अर्धमॅरेथॉन म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रात पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची; परंतु नोकरदार, दुकानदार, गृहिणी अशी साधी माणसे मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरली ती २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यानंतर. वसई-विरारची महानगरपालिकेची मॅरेथॉन २०११ मध्ये सुरू झाली. डिसेंबरात होणारी ही शर्यत आपल्याच जिल्ह्यातली, म्हणून शेठनी तीच धरली. या हौशी धावकांपैकी बहुतेकांना दुसऱ्या कोणाला हरवायचे नसते. त्यांचा वाद चालतो तो आपल्याच मागच्या वेळेशी.

शेठची पहिली वेळ दोन तास एकतीस मिनिटे. दुसऱ्या वर्षी दोन तास चौदा. मग मनात एकच आकडा घर करून राहिला : दोन तासांच्या आत. त्यासाठी प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटे एक्केचाळीस सेकंदांत काढावा लागतो. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस त्यांनी तो दर लिहून ठेवला, जसा दुकानात तूरडाळीचा खरेदीदर लिहून ठेवावा तसा.

दिवाळीनंतर मोखाड्याचा बाजार मंदावतो. भाताची कापणी-झोडणी आटोपली की पाड्यांवरची कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात, ती होळीला परततात. उधारीच्या वहीतली अर्धी नावे तेव्हा गावात नसतात. नेमक्या त्याच महिन्या-दीड महिन्यात शेठना लांब पल्ल्याच्या धावांना सवड मिळते. हे त्यांच्या ध्यानात आलेले नाही असे नव्हे. एकदा हिशोब करताना त्यांनी नव्या बुटांची किंमत आणि शर्यतीचे शुल्क यांची बेरीज केली आणि रोजगार हमीच्या २०२५-२६ सालच्या ३१२ रुपये रोजाने तिला भागून पाहिले. आलेला भागाकार त्यांनी कुठे लिहिला नाही.

पावसाळा त्यांना सर्वांत अवघड जातो. जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे दिवसचे दिवस धुके आणि धार. पण अडचण पावसाची नव्हे. ओल्या डांबरावर गांडुळे, गोगलगायी, खेकड्यांची पिल्ले आणि पैसा किंवा वाणी म्हणतात तो असंख्य पायांचा तांबूस किडा यांचा सुकाळ असतो. साधु-साध्वींनी चातुर्मासात एके ठिकाणी राहावे, विहार करू नये, या नियमामागचे कारण या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनी दिसते. पहिल्या पावसाळ्यात विजेरीच्या झोतात आपल्या पावलाखाली काय काय येते आहे हे त्यांनी पाहिले आणि दुसऱ्या दिवसापासून अंधारातले धावणे चार महिन्यांपुरते थांबवले. आषाढ ते कार्तिक ते उजाडल्यावरच निघतात, नजर खाली ठेवून, कधी उड्या मारत, कधी थबकत. त्यात वेग राहत नाही आणि शेजारून जाणाऱ्यांची करमणूक होते. भरतीची तयारी करणारा एक पोरगा एकदा ओरडलाच : “शेठ, वाणी वाण्याला चुकवतोय का वाणी वाण्याला?” हसू त्यांनाही आवरले नाही.

हा पोरगा एकोणीस वर्षांचा, जवळच्याच पाड्यावरचा. त्याच्या पायात कधी फाटके बूट, कधी काहीच नाही. चढावर तो शेठना असा मागे टाकतो की काही क्षणांत त्याच्या पावलांचा आवाजही ऐकू येत नाही. या डोंगरपट्ट्यात ते नवल नाही. मोखाड्याला लागूनच असलेल्या नाशिक जिल्ह्यात, हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत अशीच अनवाणी धावत मोठी झाली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक आणले आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉनही ती धावली. पाड्यापाड्यांवरच्या पोरींना तिचे नाव पाठ आहे. त्या पोराने एकदा शेठना सरळ विचारले होते, “आम्ही पळतो ते नोकरीसाठी. तुम्हाला हे पळून मिळतं काय?” शेठ म्हणाले, “साखर कमी होते.” ते खरे होते, पण पूर्ण उत्तर ते नव्हते, आणि ते दोघांनाही कळले.

आता नवकारशीविषयी. शेठच्या घरी सूर्यास्तानंतर चौविहार आणि सकाळी नवकारशी हा नियम तीन पिढ्यांचा. सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे होईतो अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. रोजच्या तासाभराच्या धावण्याला याने बाधा येत नाही. अर्धमॅरेथॉनची गोष्ट वेगळी. डिसेंबरच्या मध्याला या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. ४८ मिनिटे मिळवली की पावणेआठ. शर्यत सुटते अंधारात. म्हणजे दोन तासांची अख्खी धाव नवकारशीच्या आत जाते, आणि आदल्या संध्याकाळच्या सहापासून धरले तर पावणेचौदा तास घशाखाली काही उतरलेले नसते. पहिली दोन वर्षे शेठनी हे सहज निभावले. वेगच बेताचा होता.

तिसऱ्या वर्षी ते खरोखर धावले. अठरा किलोमीटर एक तास बेचाळीस मिनिटे वीस सेकंदांत झाले; दर तंतोतंत पुठ्ठ्यावर लिहिलेला. त्यानंतर मांडीच्या मागच्या स्नायूत गोळा आला, ओठ सुकले, कान बंद झाल्यासारखे वाटू लागले. उरलेल्या तीन किलोमीटरांना साडेएकवीस मिनिटे लागली. एकूण वेळ दोन तास तीन मिनिटे बावन्न सेकंद. अंतिम रेषेपलीकडे ते पदपथावर बसले तेव्हा एका स्वयंसेवक मुलीने पाण्याचा पेला हातात दिला. नवकारशी यायला अजून काही मिनिटे बाकी होती. थरथरत्या हाताने पेला धरून ते घड्याळाकडे पाहत बसले. मुलगी घाबरून डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, साखरेचा त्रास असलेल्या माणसाने हे असं करायचं नसतं. आज पायावर निभावलं.” पावणेआठ वाजले. शेठनी तीन नवकार म्हणून पच्चक्खाण पारले आणि मग पेला ओठाला लावला.

ही पेल्याची हकीकत पुढे महिनाभर दुकानात, उपाश्रयात, लग्नाच्या पंगतीत सांगितली गेली. लोकांनी वाहवा केली. साधार्मिक बंधूंनी पाठ थोपटली. बोलल्या नाहीत त्या फक्त त्यांच्या आई, सर्वांच्या बा. वय ब्याऐंशी, दोन वर्षीतप झालेल्या. एके दुपारी मोड आलेले धान्य उन्हातून सावलीत घेता घेता त्यांनी विचारले, “दीकरा, त्या दिवशी तुझं ध्यान कशात होतं? पच्चक्खाणात की घड्याळात?”

“दोन्हीत, बा.”

“घड्याळ तर दोन्हीकडे एकच होतं.”

शेठ गप्प राहिले. बा पुढे म्हणाल्या, “पडला असतास तर सलाइन लावलं असतं, आणि नियम मोडला म्हणून वर्षभर रडत बसला असतास. झेपणार नसेल तर घेऊ नये. घेऊन मोडण्यापेक्षा न घेतलेलं बरं. वर्षातली तीनशे चौसष्ट सकाळी घे. त्या एका सकाळी नको घेऊस, आणि दुसऱ्या दिवशी एक आयंबिल कर.”

बोलणे साधे होते, पण शेठना ते फार जड गेले. तीस वर्षांत एकही सकाळ चुकली नव्हती. दोन तासांच्या आतला आकडा अजून हाती आलेला नव्हता. ही तीस वर्षे मात्र त्यांच्या खात्यावर जमा होती, आणि जमेची बाजू कमी करायला व्यापाऱ्याचा हात धजत नाही. आपण नियम पाळतो की नियमाचा विक्रम राखतो, हा प्रश्न त्यांनी वहीच्या शेऱ्यात लिहिला आणि मग खोडला. खोडलेले आजही वाचता येते. शर्यतच सोडून द्यावी, असाही विचार मनात येऊन गेला. पर्युषणात आठ दिवस ते धावले नाहीत, आणि नवव्या दिवशी पहाटे पाय आपसूक रस्त्याला लागले तेव्हा तो विचार मागे पडला.

चौथ्या वर्षी आदल्या रात्री त्यांनी चौविहार घेतला नाही. जेवण सूर्यास्तापूर्वीच झाले, पण उकळलेले पाणी झोपेपर्यंत घेत राहिले. पहाटे दोन खजूर आणि मूठभर मुरमुरे. खजूर चावताना चोरी केल्यासारखे वाटले, असे त्यांनी नंतर घरी सांगितले. गावोगावच्या धावकांच्या हातात असते तसली साखरपाकाची पाकिटे त्यांनी घेतली नाहीत. त्यांतल्या काहींत जिलेटिन असते, काहींत मध. मीठ-साखर घातलेली स्वतःची छोटी बाटली कमरेला होती. पाणी दिसेल तिथे ते थांबून, पेला रिकामा करूनच पुढे जात. धावता धावता अर्धे पाणी छातीवर सांडणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. त्या थांबण्यात सेकंद गेले. अठरावा किलोमीटर मात्र या खेपेस आला आणि गेला. शेवटच्या वळणावर पायांत बळ होते आणि सूर्य नुकताच वर आलेला. पायाला गोळा आला नाही की डोळ्यांपुढे अंधारी आली नाही.

दोन तास शून्य मिनिटे एकोणीस सेकंद.

किलोमीटरमागे एक सेकंदही नाही. तराजूत तेवढे तर दाण्याबरोबरच्या कोंड्याचे वजन भरते.

परतीच्या वाटेवर मुलगा गाडी चालवत होता. रस्त्याकडेच्या एका वीटभट्टीवर ओळखीची कुटुंबे दिसली म्हणून त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. कच्च्या विटांच्या थप्प्यांमागून तो भरतीवाला पोरगा आला. दिवाळीनंतर तो रस्त्यावर दिसला नव्हता, आणि आपण त्याची चौकशी केली नव्हती, हे शेठना तेव्हा आठवले. वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ती फिटेपर्यंत तो इथेच राहणार होता.

“शेठ, टाइम काय आला?”

“दोन तास एकोणीस सेकंद.”

“एकोणीस सेकंदांनी हुकलं?” पोरगा मनापासून हसला. “चहावर फुंकर मारायला जातात तेवढे.”

“तुझा सराव?”

“दिवसभर विटा वाहतो ना. दम कमी नाय झाला. वेळ लावायला घड्याळ नाय, एवढंच.”

शेठनी मनगटावरचे घड्याळ सोडून त्याच्या हातात ठेवले. पोराने ते उलटसुलट पाहिले. “उधारीत लिहू नका,” तो म्हणाला. शेठनी नाही म्हटले. मग उचल किती आणि फिटायची किती, हे त्यांनी त्याच्या वडिलांना विचारले, आणि दोघे बराच वेळ थप्प्यांच्या आडोशाला बोलत उभे राहिले. गाडीत बसलेल्या मुलाने दोनदा हॉर्न वाजवला.

घरी पोहोचायला संध्याकाळ झाली. सूर्य डोंगरामागे जायला अर्धा तास होता आणि पाने वाढलेली होती. बांनी वेळ विचारली नाही.

“पाणी प्यायलास ना?” त्या म्हणाल्या.

“प्यायलो, बा.”

“मग बस. दिवस आहे तोवर जेवून घे. उद्या आयंबिल आहे.”