गळ, गाळ आणि गरी

सेवानिवृत्त माणसाने सकाळी फिरावयास जावे असा आमच्या जयनगरात एक अलिखित नियम आहे. आणि नियम पाळण्यातच आयुष्य गेले असल्यामुळे आम्ही तोही पाळतो. हिशेबखात्याच्या नोकरीत नागपूर, भोपाळ, कलकत्ता, शिलाँग असा मुलूख पालथा घालून अखेर आम्ही बंगळुरास येऊन टेकलो. 'इतक्या लांब कुठे जाऊन राहिलात?' असे देशावरचे आप्त विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो की, शहाजीराजांनाही १६३८ साली विजापूरकरांनी हीच जागा दिली होती. आमची तर साधी बदली.

फिरताना सोबतीला शेजारचे मेष्ट्रु असतात. चाळीस वर्षे कन्नड शिकवून ते निवृत्त झाले. म्हणजे शाळेतून झाले, शिकवण्यातून नव्हे. मागच्या पावसाळ्यात एके सकाळी आम्ही दोघे यडियूरच्या तळ्याकाठी पोहोचलो, तो कुंपणाच्या आत एक पोरगा काठी घेऊन पाण्याकडे टक लावून बसलेला. मेष्ट्रु कौतुकाने म्हणाले, "नोडि स्वामी, गाळ हाकिद्दाने!" त्याने काहीतरी टाकले आहे एवढे आम्हांला कळले. पण गाळ? या शहरातील तळी गाळाने आधीच अर्धी बुजली आहेत, तिथे हा आणखी गाळ कशासाठी टाकतो, असे आम्ही विचारले. मेष्ट्रु इतके हसले की, पहारेकऱ्याचे लक्ष गेले आणि तो पोरगा काठी टाकून पळाला. मग समजले की, कन्नडात गाळ म्हणजे मासे धरण्याचा गळ.

इथपर्यंत सारे विनोदातच होते. पण परतताना मेष्ट्रूंनी विचारले, "तुमच्या मराठीत या कामाला काय म्हणतात?" आम्ही ऐटीने सांगितले, "मासेमारी." ते थबकले. "मारी म्हणजे?" "मारणे." "म्हणजे कोल्लुवुदु? आम्ही तर मीनु हिडियुत्तेवे, मासा नुसता धरतो. तमिळही धरतात, तेलुगूही धरतात. तुम्ही मराठे एकदम मारताच?"

परमुलखात राहणाऱ्या वाचकांना हे सांगावयास नको की, पुण्यात कोणी मराठीला नावे ठेवली तर आपणही त्यात दोन शब्दांची भर घालतो. पण तीच गोष्ट परक्या गावी कोणी थट्टेनेही बोलला, तर ती दिवसभर सलते. आम्ही तिथल्या तिथे वकीलपत्र घेतले. मराठीतले मारणे हे जीव घेणे नव्हे. आम्ही हाक मारतो, गप्पा मारतो, पाण्यात बुडी मारतो. कचेरीत सही मारतो, शिक्का मारतो आणि जमल्यास दांडीही मारतो. यांत कोणाचाही प्राण जात नाही. मेष्ट्रु म्हणाले, "पण माशाचा जातो!" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

घरी येऊन आम्ही कोश काढले. आमच्या कपाटात मोल्सवर्थचा मराठी कोश आणि १८९४ साली प्रसिद्ध झालेला किटेल यांचा कन्नड कोश शेजारी शेजारी उभे असतात. एक लष्करी अधिकारी आणि एक जर्मन पाद्री, दोघेही परगावचेच. किटेल यांनी आपल्या प्रस्तावनेत संस्कृताने द्राविड भाषांकडून घेतलेल्या शब्दांची यादीच दिली आहे. ज्याला आपण अस्सल संस्कृत समजून राशिचक्राच्या शेवटी बसवतो, तो 'मीन' विद्वानांच्या मते दक्षिणेकडूनच आलेला आहे. तमिळमध्ये मीन् म्हणजे मासा आणि मीन् म्हणजे ताराही. आकाशातल्या ताऱ्याला ते विण्मीन् म्हणतात. मिन् म्हणजे चमकणे. कन्नडातली वीज ती मिंचु, आणि काजवा तो मिंचुहुळ. पाण्यात चमकतो तो मासा, आभाळात चमकतो तो तारा. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर हेरास आणि पुढे फिनलंडचे आस्को पार्पोला यांनी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील माशाचे चिन्ह याच न्यायाने तारा म्हणून वाचण्याचा प्रयत्न केला. ती लिपी अद्याप सर्वमान्य रीतीने कोणी वाचलेली नाही. पण कल्पना मोठी देखणी आहे.

आपला मासा मात्र 'मत्स्य' याचा वंशज. प्राकृतात त्याचा मच्छ झाला आणि तिथून वाटा फुटल्या. हिंदीने तो च्छ सांभाळला, मराठीने त्याचा स केला. हिंदी पूछते, आम्ही पुसतो. त्यांचा बछडा, आमचे वासरू. त्यांची मछली, आमची मासळी. तेव्हा मुंबईत ऐकू येणारी 'मच्छी' ही खरे तर शेजाऱ्यांकडून उसनी आणलेली. गंमत अशी की, संस्कृतातील मक्षिकाही प्राकृतात मच्छिआ झाली आणि त्याच वाटेने मराठीत माशी होऊन बसली. मासे मारणे आणि माशा मारणे यांत आता एका मात्रेचा काय तो फरक उरला आहे. निवृत्त माणसाने यावर अधिक न बोलणे बरे.

मारण्याचा ठपका पुसून काढावयास आम्ही थेट कालिदासाकडे गेलो. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात राजाची अंगठी सापडलेला तो कोळी येतो. रोहित माशाच्या पोटात ती निघाली असे तो परोपरीने सांगतो. नगररक्षक त्याच्या धंद्याची टर उडवतात, त्याला दटावतात, आणि राजाने बक्षीस दिल्याबरोबर त्याचे जिवलग होऊन त्याच्यासह मद्याच्या दुकानाकडे चालू लागतात. कचेऱ्यांतून आयुष्य घालवलेल्या वाचकांनी हा प्रवेश पुन्हा एकदा जरूर वाचावा. दीड हजार वर्षांत कार्यपद्धतीत फारसा बदल झालेला नाही. तो कोळी मागधी प्राकृत बोलतो आणि आपल्या धंद्याला मत्स्यबंधन म्हणतो. म्हणजे तो माशांना मारतही नाही, धरतही नाही, बांधतो. त्याच्या साधनांत जाळे आहे आणि 'उद्गाल' आहे. उद्गाल म्हणजे गळ! मेष्ट्रूंचा गाळ, तेलुगूंचे गालमु, आमचा गळ आणि त्या कोळ्याचा उद्गाल ही सारी एकाच पेठेतली मंडळी दिसतात.

दुसऱ्या दिवशी मेष्ट्रूंनी हे सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "छान. पण तो कोळी मराठी कुठे बोलतो?"

आता प्रश्न आमच्या घरात शिरला. आमची नात येथील शाळेत सहावीत शिकते. तिने ऐकले आणि आपली वही काढली. एका कामाला किती भाषांत काय म्हणतात याचा तक्ता तिने आखला. बंगालीच्या खाली 'माछ धरा' हे आम्ही कलकत्त्याच्या पुण्याईवर सांगितले. इंग्रजांनी तर माशाच्या नावालाच क्रियापद केले आहे, जणू आपण 'मासणे' म्हणावे. फ्रेंचांकडे मासे धरणे आणि पाप करणे या दोन क्रियापदांच्या उच्चारात जवळजवळ फरकच नाही; लिहिताना डोक्यावरची खूण तेवढी वेगळी. मुळात एक लॅटिन पिस्किस या माशापासून निघाले, दुसरे पेक्कारे या पापाच्या धातूपासून. नातीला हे फार आवडले. मग तिने विचारले, "इंग्लिशमध्ये अँगलिंग पण म्हणतात ना?" म्हणतात. जुन्या इंग्रजीत अंगेल म्हणजे गळ, आणि त्या गळावरून थेट क्रियापद. जर्मनांचेही तसेच, गळ तो आंगेल आणि गळाने मासे धरणे ते आंगेल्न. "मराठीत गळावरून क्रियापद नाही?" आम्ही म्हणालो, "नाही."

आणि हे उत्तर देऊन अर्धा तास झाला नसेल, तोच आम्ही जेवता जेवता थांबलो. कारण ते उत्तर खोटे होते.

आमचे गाव मालवणच्या बाजूला, खाडीच्या काठी. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात, आणि गरीने मासे धरणे याला गरवणे. नामावरून क्रियापद, इंग्रजांनी आणि जर्मनांनी केले नेमके तसेच. आमचे वडील भरतीची वेळ साधून संध्याकाळी धक्क्यावर बसत. दोरी, तिला शिशाचा तुकडा, गरीला एखादे सुंगट लावायचे, आणि तांबोशी लागेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या पावसात ओहोळातून चढणीचे मासे वर येत तेव्हा सारा गाव लोटे. पण त्याला गरवणे म्हणत नसत, ती नुसती लूट. गरवणे म्हणजे वाट पाहणे.

हा शब्द आम्ही विसरलो कसा? तो विसरलो नव्हतो, टाकला होता. इयत्ता पाचवीत 'माझा रविवार' या निबंधात आम्ही लिहिले होते की, मी वडिलांबरोबर गरवायला जातो. गुरुजींनी त्याखाली तांबडी रेघ ओढली, वर 'मासे पकडायला' असे लिहिले आणि वर्गाला वाचून दाखवले. वर्ग हसला. गुरुजी दुष्ट नव्हते. शुद्ध मराठी आली म्हणजे मुले मोठ्या हुद्द्यावर जातील असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे, आणि आमच्या बाबतीत ते खरेही झाले. पण त्या दिवसापासून तो शब्द आमच्या लेखणीतून गेला, मग तोंडातून गेला, आणि रविवारी आम्हांला अभ्यास असू लागला.

शिलाँगला बदली झाली त्या वर्षी आम्ही पंधरा दिवसांच्या रजेवर गावी गेलो होतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी वडील ओसरीवर दोरी गुंडाळीत म्हणाले, "गरवूक येतंस काय?" आम्हांला सामान बांधावयाचे होते, प्रवासभत्त्याचे कागद लावावयाचे होते. आम्ही म्हणालो, "पुढल्या खेपेला." ते एकटे गेले. पुढल्या खेपेला आम्ही गेलो ते त्यांच्या दिवसांसाठी.

वाचकहो, ज्यांनी आयुष्यात कधी पाण्यात दोरी सोडली नाही, असे आपण सारे कचेरीत मात्र याच धंद्याची भाषा बोलतो. कंत्राटदार आमिष दाखवतो, लाचलुचपतवाल्यांच्या जाळ्यात कोणी सापडतो, गळाला बडा मासा लागतो. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, असे कौटिल्यानेही लिहून ठेवले आहे; आणि त्याचे ते अर्थशास्त्र १९०९ साली छापून जगापुढे आणले ते येथून जवळच, म्हैसूरच्या शामशास्त्रींनी. एवढी सारी मासळी आमच्या कागदपत्रांत पोहत होती. बापाचा शब्द तेवढा नव्हता.

या निमित्ताने आम्हांला फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरची आठवण होते. १८०० साली तो या म्हैसूर मुलखातून गावोगाव टिपणे घेत फिरला. पुढे बंगालात बदली झाल्यावर गंगेच्या माशांवर त्याने १८२२ साली मोठा ग्रंथ काढला, तो हॅमिल्टन या नावाने. त्यात माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने लॅटिनचा हट्ट धरला नाही. लोक म्हणत होते तीच नावे, रोहिता, कटला, मृगळ, तशीच्या तशी लिहून घेतली. आज जयनगरच्या मासळीच्या दुकानात हे तिघे बर्फावर शेजारी शेजारी पडलेले असतात आणि जगातील सर्व विद्यापीठांना ते त्याच नावांनी ठाऊक आहेत. हाही एक बदलीचाच नोकर.

त्या रात्री आम्ही गावी ताईंना फोन केला. त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. गरी, पाग, रापण, एकेक शब्द त्यांनी भराभर सांगितला. रापणीला कारवारच्या खाली रंपणी म्हणतात आणि पर्ससीनची यांत्रिक जाळी आल्यापासून दोन्हीकडे ती ओढणारी माणसे पांगली, हेही त्यांनीच सांगितले. मग म्हणाल्या, "आज इतक्या वर्षांनी हे काय रे?" आम्ही म्हणालो, नातीला हवे आहे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. नंतर म्हणाल्या, "बाबांची दोरी माळ्यावर आहे अजून. गरी गंजली असेल."

सकाळी मेष्ट्रूंना आम्ही 'गरवणे' सांगितले. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, जसा एखादा पदार्थ जिभेवर घोळवावा तसा. "कोल्लुवुदु इल्ल," ते म्हणाले. यात मारणे नाही. मग खिशातून पेन काढून त्यांनी तो तळहातावर कन्नड लिपीत लिहून घेतला.

नातीच्या तक्त्यात मराठीच्या रकान्यात 'मासेमारी' खोडलेले नाही. त्याच्याखाली दुसरा शब्द लिहिलेला आहे. दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्ही गाडीची तीन तिकिटे काढली आहेत. मेष्ट्रूंनी समुद्र पाहिला आहे, पण खाडी पाहिलेली नाही असे ते म्हणतात. तेव्हा आता चौथ्याची प्रतीक्षायादी चालू आहे.