खरखरीपलीकडची मराठी

महाराष्ट्रातील मंडळींना मराठी रेडिओ ऐकू येत असे. आम्हा बाहेरच्यांना तो ऐकावा लागे. या दोन क्रियापदांमधील अंतर किती मोठे आहे, हे १९६० च्या दशकात इंदूरच्या रामबागेत वाढलेल्या माझ्यासारख्याला पुरेपूर ठाऊक आहे.

आमचा रेडिओ व्हॉल्व्हचा होता. बटण फिरवले की आधी तो तापे, मग त्याचा हिरवा डोळा उघडे आणि त्यानंतर कुठे तो बोलू लागे. सकाळी उठल्यावर आमचे अण्णाही याच क्रमाने बोलते होत, हिरवा डोळा तेवढा वगळता. रेडिओवर आत्याने भरतकाम केलेले आच्छादन असे. दर वर्षी टपाल कचेरीत पैसे भरून त्याचा परवाना नवा करून आणावा लागे. ज्या वस्तूसाठी सरकारदरबारी पैसे मोजले आहेत ती लावून कोणी गप्पा मारणे म्हणजे शुद्ध उधळपट्टी, असे अण्णांचे ठाम मत होते. त्यामुळे आमच्याकडे रेडिओ लागला की घर बसून ऐके.

आठवड्याची वाटणीही ठरलेली. संध्याकाळी आमच्याच गावच्या मालवा हाऊसमधून नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झालेले. त्याचा आवाज इतका स्वच्छ, की शेजारच्या ओट्यावर कोणी बोलते आहे असे वाटे. बुधवारी रात्री आठ वाजता सिलोन. तेथे अमीन सयानी एकेक ‘पायदान’ चढत गीतमालेच्या शिखराकडे निघत आणि दादा वहीत क्रमांक टिपून घेई. शाळेच्या वहीत त्याने इतकी टापटीप कधीच दाखवली नाही.

ही गीतमाला १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली, आणि ती घरोघर पोहोचण्यास अप्रत्यक्षपणे एक मराठी गृहस्थ कारणीभूत होते. तत्कालीन नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीतांचे वावडे. आकाशवाणीवर त्या गीतांना कात्री लागली आणि श्रोते समुद्रापलीकडे निघून गेले. केसकर आपल्यापैकी, हे वाड्यातील बिगरमराठी भाडेकरूंना कळू नये याची अण्णा दक्षता घेत. न्यायाने सांगायचे तर १९५७ साली विविध भारतीही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. पण दादाच्या वहीला एव्हाना सिलोनचे वळण लागले होते.

आणि मुंबई? मुंबई आमच्याकडे रात्री येई. दिवसा काटा तेथे नेला तर नुसती राख चाळल्यासारखा आवाज. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात कारण वाचले. सूर्य वर असेपर्यंत वातावरणाच्या उंच भागातील एक थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि त्याच लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. म्हणजे आमची मराठी दिवसभर आकाशातच अडकून पडे आणि दिवेलागणीनंतर तिची सुटका होई. आजीला मी हे समजावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “माहेरचं माणूस रात्रीच्याच गाडीनं यायचं.”

येई तीही सलग नव्हे. आवाज भरतीसारखा चढे आणि ओहोटीसारखा उतरे. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांचा ‘प्रपंच’ ऐन विनोदावर येई आणि नेमका तेथे आवाज बुडे. पुन्हा वर येई तेव्हा मुंबईतील माणसे हसून मोकळी झालेली असत. मग तो विनोद काय असावा, याची आमच्या घरात निविदा निघे. काकांची आवृत्ती थोडी चावट, आत्याची बोधपर, दादाची कोणालाच न समजणारी. मूळ विनोद त्याहून सरस असेल, असे मला आजही वाटत नाही.

गाण्यांचे तेच. ‘आपली आवड’मध्ये एखाद्या भावगीताच्या कडव्यातील नेमका एक शब्द गळे. तो कोणता, यावर वाद पेटे. वृत्तात काय बसते, यमक काय मागते, अर्थ कोठे जातो, याचा खल चाले. निकाल लागण्यासाठी ते गाणे पुन्हा लागण्याची आणि त्या रात्री आकाश राजी असण्याची वाट पाहावी लागे. तोपर्यंत त्या रिकाम्या जागेत आम्ही पाच-सहा मराठी शब्द बसवून पाहिलेले असत. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आम्हा भावंडांची मराठीची शाळा भरली ती त्या गळलेल्या शब्दांत.

घरची मराठी तशी इंदुरी वळणाची. “काल सराफ्यात काका मिळाले,” असे मी म्हटले की आजी विचारी, “केवढ्याला?” माणसे भेटतात, वस्तू मिळतात, हे तिने मला किमान शंभर वेळा सांगितले असेल. पुरावा म्हणून ती मराठी बातम्यांकडे बोट दाखवी. त्या बातम्या दिल्लीहून येत, ही गंमत तिच्या लक्षात आणून देण्याचे धैर्य कोणात नव्हते.

गीतरामायणाची कथा मी घरच्यांकडून ऐकलेली. पुणे केंद्रावर १ एप्रिल १९५५ रोजी त्याचा आरंभ झाला आणि वर्षभरात ५६ गीते झाली. आमच्याकडे पुणे लागत नसे. मग पुण्याची मावशी गीताचे शब्द पत्रातून लिहून पाठवी, आणि चाल कळण्यास मार्ग नसल्याने आजीने त्यांना आपल्या ओव्यांच्या व आरत्यांच्या चाली लावल्या. पुढे काही वर्षांनी सुधीर फडक्यांच्या मूळ चाली तिच्या कानी पडल्या. सगळे घर तिच्या तोंडाकडे पाहत होते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “याही बऱ्या आहेत.”

आता माझ्या खिशातील फोनवर मुंबई भर दुपारीसुद्धा लख्ख ऐकू येते. खरखर नाही, एकही शब्द गळत नाही. मी कृतज्ञ आहे. त्या रात्रींचा त्रास ज्याने भोगला तो पुन्हा काटा फिरवीत बसण्याची इच्छा करणार नाही. परंतु बंगळूरला वाढणारा माझा नातू सुट्टीत येतो, तेव्हा तीच गाणी अक्षर न अक्षर स्पष्ट वाजत असतात आणि त्याच्या कानाला स्पर्श न करता निघून जातात. जे संपूर्ण मिळते त्यात आपले काही घालण्याची गरजच उरत नाही.

गेल्या दिवाळीत मात्र एका गाण्याच्या मध्यावर त्याने मान वर करून विचारले, “आजोबा, या शब्दाचा अर्थ काय?” अर्थ माझ्या जिभेवर होता. तो मी सांगितला नाही. म्हटले, “तुला काय वाटतो?” त्याने एक अर्थ सुचवला, त्याच्या आईने दुसरा, आणि स्वयंपाकघरातून तिसरा आला. जेवणे व्हायला त्या दिवशी बराच उशीर झाला.