पगार आणि ‘इतर’

मराठीच्या मास्तराने प्राप्तिकराच्या वाटेस जाऊ नये म्हणतात. पण तिथेही गंमत शब्दांचीच आहे. माणूस निवृत्त होऊन वर्षे लोटली, तरी कायदा त्याच्या पेन्शनला ‘पगार’च म्हणतो. वडील हे मोठ्या ऐटीत सांगत. पगार म्हटला की प्रमाणित वजावट आलीच. नव्या करपद्धतीत ती २०२४ पासून ७५,००० रुपये झाली. सरकारी नोकराने पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेतले, तर त्यांवर करही नाही.

वडील गेले आणि कमी झालेली पेन्शन आईच्या नावावर आली. तिचे विवरणपत्र भरताना पाहतो, तो ही रक्कम ‘इतर उत्पन्ना’च्या सदरात! वजावट एकतृतीयांश, तीही नव्या पद्धतीत फार तर २५,००० रुपये. तर्क बिनचूक आहे. नोकरी तिने कुठे केली होती?

“म्हणजे त्यांचा तो पगार, आणि माझं ते इतर होय रे?” आईने विचारले.

पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचे ते मोल आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली सांगितले. पहाटे पाचला उठून वडिलांचा डबा भरणाऱ्या हातांची नोंद मात्र कुठल्याच सेवापुस्तकात नाही.