हॅम्बुर्गातले चार गुंठे

परदेशात राहायला गेलं की गावाकडची माणसं आधी खाण्याचं विचारतात. भाकरी मिळते का, तिखट मिळतं का, दूध कसं असतं. यांची उत्तरं सोपी आहेत. हॅम्बुर्गच्या भारतीय दुकानात ज्वारी मिळते, सालाचे उडीद मिळतात. दोन्ही घरच्या छोट्या चक्कीवर एकत्र दळले की कळण्याच्या भाकरीची सोय होते. हिरवी मिरची, कोथिंबीर, वांगी तुर्की दुकानात मिळतात. माझ्या सासूबाईंनी मात्र फोनवर वेगळंच विचारलं. “तुमच्याकडे येतं-जातं कोण?” त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

आमचं घर यावल तालुक्यातलं. भुसावळहून तापीचा पूल ओलांडला की केळीच्या बागा सुरू होतात त्या थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. तिथे घराचा दरवाजा सकाळी उघडतो तो रात्री जेवणं आटोपल्यावरच बंद होतो. विरजण मागायला कुणी येतं, बागेतला सालदार येतो, केळीच्या कटतीचा म्हणजे घड कापणीचा व्यापारी येतो, शेजारच्या काकू काही काम नसताना येऊन बसतात. ही सगळी माणसं घर चालवायला हातभार लावतात, हे तिथे असताना लक्षात येत नाही. लेकरू अर्धं त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढतं.

हॅम्बुर्गला नवऱ्याची नोकरी लागली आणि आम्ही तिघं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. डिसेंबरात तिथे साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि चारला अंधार पडतो. लेकीला बालवाडीत सोडायचं अंधारात, आणायचं तेही अंधारातच. आमच्या जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो तेव्हा दुपारभर रस्ते ओस पडतात, पण संध्याकाळी ओट्यावर खाटा पडतात आणि गाव पुन्हा बोलायला लागतं. इथे ती संध्याकाळच नव्हती. जिन्यात भेटणारी माणसं हसून नमस्कार करत आणि आपापल्या दाराआड जात. रात्री दहानंतर शांतता पाळायची. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्याही रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. छतावर धुराची सूचना देणारं यंत्र कायद्यानंच बसवलेलं. लसूण-मिरचीची फोडणी जरा चढली की ते किंचाळायचं. नियम वाईट नव्हते, अजूनही मला ते वाईट वाटत नाहीत. आजारी माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला त्या शांततेचं मोल कळतं. पण नियम पाळून माणूस भाडेकरू होतो, शेजारी होत नाही.

मराठी मंडळींचा गणपती होता, दिवाळीचा कार्यक्रम होता. तिथे जाऊन बरं वाटायचं. पण शहराच्या चार टोकांना राहणारी ही माणसं महिना-दीड महिन्यानं भेटायची. संसाराला रोज लागणारी सोबत त्यानं भागत नाही.

मग एका वर्षी एप्रिलच्या मध्याला सासू-सासरे आले. पाहुण्यांच्या व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. निघण्याआधी फोनवर सामानाची यादी झाली. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि पेढे राहिले. नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, बामणोदच्या भरिताच्या वांग्याचं बी आणायचं होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि बामणोद तर आमच्याच तालुक्यातलं. पण रोप-निरोगीपणाच्या दाखल्याशिवाय बी आणायला बंदी. फळं-भाज्यांनाही तोच नियम, फक्त पाच फळांना सूट: अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. नवऱ्यानं हे वाचून दाखवलं तेव्हा नाना पलीकडून म्हणाले, “मंग केळीच आनतो.” बियाण्याची पुडी त्यांनी पिशवीतून काढून ठेवली आणि बागेतली कच्च्या केळीची एक फणी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. मुंबई विमानतळ ओलांडून ती हॅम्बुर्गात पोचली आणि आमच्या स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर पिकली.

पिकल्यावर नानांनी दोन-दोन केळी सोडवली आणि आम्हाला न विचारता जिन्यातल्या प्रत्येक दाराची घंटा वाजवत फिरले. भाषा येत नव्हती. केळं पुढे करायचं, छातीवर हात ठेवायचा आणि “यावल, इंडिया” म्हणायचं. मी मागे धावत गेले तोवर तळमजल्यावरच्या आजींनी त्यांना आत बोलावलं होतं. इतकी वर्षं त्या घराचा उंबरा मी पाहिला नव्हता.

त्या आजी मूळच्या श्वेरीनच्या, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतल्या. त्यांनी केळं सोललं, पहिला घास घेतला आणि बोलायला लागल्या. नवरा भाषांतर करत होता. त्यांच्या लहानपणी केळी मिळायची ती नाताळच्या सुमारास, तीही रांगेत उभं राहून. पश्चिम जर्मनीची गोष्ट निराळी. 1957 साली युरोपीय आर्थिक समुदायाचा करार झाला तेव्हा चान्सलर आडेनाउअर यांनी केळी बिनजकात आणण्याची खास सवलत पश्चिम जर्मनीसाठी मिळवली होती. 1989 च्या नोव्हेंबरात सीमा उघडली तेव्हा पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताचे म्हणून 100 मार्क मिळत. आजी आपल्या माणसांबरोबर ल्यूबेकला आल्या आणि त्या पैशांतून त्यांनी पहिल्यांदा काय घेतलं, तर मुलांसाठी केळी.

नानांनी 2020 सालचं सांगितलं. लॉकडाऊनमध्ये गाड्या अडकल्या, व्यापारी फिरकेना, किलोला चार रुपयेसुद्धा कुणी देईना. पिकलेले घड गुरांपुढे टाकले. बारा-तेरा महिने पाणी-खत घालून वाढवलेली बाग. आजी उठल्या, आतल्या खोलीतून सुपरमार्केटची पावती घेऊन आल्या आणि केळीच्या ओळीवर बोट ठेवलं. किलोला सव्वा युरोच्या आसपास. नानांनी मनातल्या मनात रुपये केले. त्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो आपल्या बागेचा नव्हता. दुकानातल्या केळीवर इक्वेडोरची चिठ्ठी त्यांनी आदल्या दिवशी नातीकडून वाचून घेतली होती. ते म्हणाले, “यातलं त्या शेतकऱ्याच्या हाती काय पडतं?” त्या टेबलावर मग बराच वेळ शेतीचंच बोलणं चाललं. तिथली केळीही कॅव्हेंडिश गटातली, आमच्याकडे टिश्यू कल्चरची रोपं लावतात ती ग्रँड नैनही त्याच गटातली. कच्ची कापायची, तेरा-चौदा अंशांवर जहाजातून आणायची, मग खोलीत पिकवायची. नाना एकेक गोष्ट विचारत होते आणि अभियंता असलेला त्यांचा मुलगा मोबाईलवर शोधून उत्तरं देत होता. बापलेकांना इतकं सलग बोलताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आजींचा शहराच्या कडेला बागेचा तुकडा होता. जर्मनीत याला क्लाइनगार्टन म्हणतात. देशभरात असे सुमारे 9 लाख तुकडे आहेत. 1983 च्या कायद्यानं एक तुकडा 400 चौरस मीटरपेक्षा मोठा असू नये, म्हणजे आपले चार गुंठे. त्यात बांधायची झोपडी 24 चौरस मीटरपर्यंत, आणि तिथे कायम राहायचं नाही. साधारण तिसरा हिस्सा भाजी-फळांसाठी ठेवायलाच हवा, नुसती हिरवळ चालत नाही. आजींचं वय झालेलं, वाफे तणानं भरलेले. नाना दुसऱ्याच दिवशी त्यांच्याबरोबर गेले. संध्याकाळी आले तेव्हा नखांत काळी माती होती आणि सासूबाईंना सांगत होते, “जमीन भुसभुशीत हे, पन गार भलती.”

त्याच महिन्यात आजींनी आम्हाला पहाटे उठवून गाडीत घातलं आणि एल्बेच्या काठानं आल्टेस लांडला नेलं. सफरचंदाच्या बागांचा हा मोठा पट्टा हॅम्बुर्गला लागूनच आहे. झाडं फुलांवर होती आणि रात्री हिमतुषाराचा इशारा होता. बागवाल्यांनी रात्रभर झाडांवर तुषार सिंचन चालू ठेवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा प्रत्येक फांदी, प्रत्येक फूल बर्फाच्या पातळ कवचात होतं. मला वाटलं, सगळं गेलं. नानांनी एक डहाळी जवळ ओढली, नखानं कवच फोडलं आणि आतली कळी चाचपली. कळी मऊ होती. पाणी गोठताना उष्णता सोडतं, पाणी पडत राहिलं तर कवचाच्या आतलं तापमान शून्याच्या फार खाली जात नाही. आमच्याकडे हिवाळ्यात केळीला थंडीचा चरका बसतो, पानं पिवळी पडतात, निसवण म्हणजे घड बाहेर पडणं लांबतं. म्हणून शेतकरी रात्री पाणी देतात आणि बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात. नानांनी हाताच्या खुणांनी धूर दाखवला. शेजारच्या बागेतला म्हातारा जर्मन शेतकरी रात्रभर जागून लाल झालेल्या डोळ्यांनी ते बघत होता, मान हलवत होता. त्याला दुभाष्याची गरज पडली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आजींच्या बागेतल्या सफरचंदाच्या झाडाला झोका बांधला. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचं माहेरपण. सासुरवाशिणी येतात, गौराई बसते, झाडाझाडाला झोके बांधले जातात. लग्नानंतर, विशेषतः परदेशी आल्यावर, माझ्या वाट्याला तो सण आला नव्हता. सासूबाईंनी मला झोक्यावर बसवलं आणि स्वतः गाणी म्हटली. माझ्या सासूनं माझं माहेरपण केलं, तेही इतक्या लांब. त्या दुपारी आजूबाजूच्या तुकड्यांतली पोरं झोक्यासाठी रांगेत उभी होती. दुपारी एक ते तीन बागांच्या त्या वसाहतीत आवाज बंद असतो, म्हणून गाणी तीननंतर सुरू झाली. नियम मोडावा लागला नाही आणि सणही झाला.

जूनमध्ये भरीत केलं. वांगी तुर्की दुकानातली, जांभळी, बियांनी भरलेली. बामणोदचं हिरवं, मोठं, कमी बियांचं वांगं ते नव्हे. कपाशीच्या पराट्यांचा जाळही नव्हता. आजींच्या कोळशाच्या शेगडीवर सफरचंदाच्या वाळक्या फांद्या टाकून नानांनी वांगी भाजली. ठेचायला लाकडी बडगी नाही, तर एका जाड लाकडी वाडग्यात लाटण्याच्या टोकानं ठेचली. वरून तेलात परतलेली मिरची-लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. इथे छतावरचं यंत्र नव्हतं. धूर मोकळा वर गेला आणि वासानं कुंपणापलीकडची माणसं आली. कुणी पाव आणला, कुणी बटाट्याचं सॅलड. पुऱ्या तीनदा तळाव्या लागल्या. नानांनी भरिताची चव घेऊन सांगितलं, “बरं झालं, पन बामणोदचं नाही,” आणि पुन्हा वाढून घेतलं.

त्या तीन महिन्यांत लेकीच्या बोलण्यातही फरक पडला. ती ‘मले’, ‘तुले’ म्हणायला लागली. “काय करू राह्यली वं?” असं मलाच विचारायला लागली. ओळखीच्या काहींनी तिला सुधारायचा प्रयत्न केला, “मला म्हणावं बाळा.” मी ते होऊ दिलं नाही. प्रमाण मराठी ती पुस्तकातून शिकेल, जर्मन शाळेतून येतेच आहे. आजी-आजोबांची बोली तिला त्यांच्याशिवाय कुणी देणार नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी याच बोलीत गाणी रचली, ती 1952 साली पुस्तकरूपानं आली आणि सगळ्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. माझ्या मुलीनं त्या बोलीची लाज का वाटून घ्यावी?

जुलैत सासू-सासरे परत गेले. तळमजल्यावरच्या आजींचं आमच्याकडे येणं मात्र थांबलं नाही. लेक त्यांना ओमा म्हणते. शाळेचा पहिला दिवस आला तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे खाऊनं भरलेला कागदी शंकू ओमांनीच तिला करून दिला. मला ताप आला की त्या तिला शाळेतून आणतात, त्यांना दवाखान्यात जायचं असलं की माझा नवरा नेतो. बागेतली माणसं दारावर काकड्या ठेवून जातात. कधी कधी तर आधी वेळ न ठरवता येतात. सासूबाईंना फोनवर नावं सांगायला लागले तर त्याच मधे थांबवतात, पुरे म्हणतात. पुढे आम्हालाही त्याच वसाहतीत तुकडा मिळाला. ओमांनी बागसंघाच्या कचेरीत नेऊन यादीत नाव घालायला लावलं नसतं तर तो मिळाला नसता.

म्हणून माझ्या भागातून बाहेर पडलेल्या सगळ्यांना सांगावंसं वाटतं. जर्मनीत असाल तर घराजवळच्या बागसंघाकडे आजच अर्ज द्या, मोठ्या शहरांत नंबर लागायला वर्षं जातात. दुसऱ्या देशात असाल तर तिथे अशी सामाईक जमीन कुठे आहे ते शोधा. आणि आई-वडिलांना बोलवाल तर व्हिसाचे ते 90 दिवस एप्रिल ते जुलै धरा. त्यांना नोव्हेंबरात बोलावून नातवंडं सांभाळत खिडकीपाशी बसवू नका. ज्यांनी जन्मभर बाग केली त्यांच्या हाती आल्याबरोबर विळा-खुरपं द्या आणि शेजाऱ्यांशी त्यांची गाठ घालून द्या.