बाप्तिस्मा कधी घ्यायचा?

लखनौच्या महानगरात आम्ही बारा वर्षं राहतो. मूळचे नगरचे. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला सवय जुनी. आमचं आडनाव ऐकून इथे कोणाला शंकाही येत नाही की हे ख्रिस्ती असतील. मग रविवारी सकाळी बादशाहनगरहून मेट्रो धरून आम्ही हजरतगंजच्या चर्चला निघालेले दिसलो की शेजारीपाजारी विचारतात. तुमच्याही मनात हा प्रश्न कधी आला असेल: हे चर्चवाले नेमकं मानतात तरी काय? त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो जरा हळू आवाजात येतो. तुमचं ‘मिशन’ म्हणजे लोकांना आपल्यात ओढणं, हो ना?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. देव एकच, आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पुत्र म्हणजे येशू ख्रिस्त. तो माणूस होऊन आला, वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पापांची क्षमा होते. मेलेले पुन्हा उठतील. एवढं सगळं आम्ही उपासनेत उभं राहून एका दमात म्हणतो, त्याला विश्वासांगीकार म्हणतात. मिनिटभराचं काम आहे. नगरला ते मराठीत म्हणायचो, इथे हिंदीत म्हणतो. तिथली ‘मंडळी’ इथे ‘कलीसिया’ होते, एवढाच फरक. संस्कार दोनच मानतो: बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन.

मग इतकी वेगवेगळी चर्चं कशाला, असं तुम्ही विचाराल. मोठ्या गोष्टींवर एकमत असूनही माणसं पद्धतींवरून वेगळी राहतात. बिशप असावा की नसावा? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा, की कळत्या वयात ज्याचा त्याने मागून घ्यावा? पाणी डोक्यावर ओतावं, की सबंध बुडवावं? बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. आतल्यांना वाटत नाही, आणि ते मला पटतं. बाळाला बाप्तिस्मा देणारे म्हणतात की देवाची कृपा आपल्याला कळण्याच्या आधी येते. थांबणारे म्हणतात की विश्वास दुसऱ्याने आपल्या वतीने ठेवता येत नाही. दोन्ही म्हणणी वजनदार आहेत.

या वादात लखनौचं नाव येतं, हे मला इथे आल्यावर कळलं. १९२९ साली उत्तर भारतातल्या काही चर्चचे प्रतिनिधी या शहरात गोलमेज बैठकीला जमले आणि एक होता येईल का, याची बोलणी सुरू झाली. ती संपायला ४१ वर्षं लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरात, सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात बिशपवाले अँग्लिकन होते, बिशप न मानणारे प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल होते (आमचं नगर त्यातलं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं), बाळांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर त्यांनी कोणालाच हरवलं नाही. दोन्ही पद्धती ठेवल्या. आईवडिलांनी ठरवायचं: बाळाला बाप्तिस्मा देऊन मोठेपणी दृढीकरण, किंवा आता उपकारस्तुतीची प्रार्थना आणि मूल स्वतः मागेल तेव्हा बाप्तिस्मा.

पण लखनौच्या त्या बैठकीत एपिस्कोपल मेथडिस्टही होते, आणि तेच शेवटच्या टप्प्यावर बाजूला झाले. त्यांचं चर्च आजही वेगळं आहे. महानगरातून थोडं चाललं की त्यांचंच लावलेलं झाड दिसतं, इसाबेला थोबर्न कॉलेज. १८७० मध्ये अमीनाबादेत सहा मुली घेऊन इसाबेला थोबर्नबाईंनी शाळा काढली, तिचं पुढे हे कॉलेज झालं. इथल्या किती घरांतल्या सुना-लेकी त्यात शिकल्या, आणि त्यातल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या नाहीत. ‘मिशन’ म्हणजे काय विचारणाऱ्याला मी आधी त्या फाटकाकडे बोट दाखवते.

पण खरं सांगायचं तर तेवढ्याने उत्तर पुरं होत नाही. आमच्या चर्चचं बोधवाक्य तीन शब्दांचं आहे: एकता, साक्ष, सेवा. सेवा सगळ्यांना आवडते. साक्ष म्हटलं की भुवया उंचावतात. साक्ष म्हणजे आपण काय मानतो ते लपवायचं नाही आणि विचारलं तर सांगायचं. ज्यांनी पोटच्या लेकराचाही बाप्तिस्मा त्याच्या मर्जीसाठी थांबवून ठेवला, ते शेजाऱ्याला लालूच दाखवून पाण्यात उतरवायला निघाले तर स्वतःच्याच म्हणण्याला हरताळ फासतील. कुठे कोणी तसं करत असेल, तर मी त्याची बाजू घेणार नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. नवरा एवढा नामांकित कवी, तरी त्याच्या पाठोपाठ त्या गेल्या नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ वाचलं नसेल तर जरूर वाचा.

हे सगळं मला इतकं पाठ का, तर दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात नात आली. सूनबाई डहाणूकडची, ब्रेदरन परंपरेच्या घरातली. तिच्याकडे कळत्या वयात, पाण्यात तीनदा बुडवून बाप्तिस्मा देतात. माझ्या सासूबाई नगरच्या, वय त्र्याऐंशी. त्यांच्या सगळ्या मुला-नातवंडांचा बाप्तिस्मा वर्षाच्या आत झालेला. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि त्यांनी विषय काढला. सूनबाई म्हणाली, “आजी, तिचं तिला मागू द्या.” सासूबाई म्हणाल्या, “आणि मागितलंच नाही तर?”

घरात आठवडाभर कोणी मोकळं बोललं नाही. आमचा मुलगा दोघींच्या मध्ये सापडलेला. पाळकसाहेब आले, त्यांनी चर्चच्या घटनेत दोन्ही वाटा आहेत हे समजावलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “घटनेत आहे ते मला ठाऊक आहे. नागपूरला १९७० साली मी होते. पण तेव्हा ते दुसऱ्यांच्या नातवंडांबद्दल होतं.” यावर पाळकांकडेही उत्तर नव्हतं. त्यांनी चहा घेतला.

मी सुनेच्या बाजूने बोलले. घटनेने निवड आईवडिलांना दिली आहे, आजीला नाही, पणजीला तर नाहीच. शिवाय एकदा दिलेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. मोठेपणी त्या मुलीला स्वतः पाण्यात उतरावंसं वाटलं, तर तो दरवाजा आपण आजच बंद केलेला असेल. थांबण्याने मात्र काहीच बंद होत नाही. सासूबाईंना मी हे असंच सांगितलं. त्यांना पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

उपकारस्तुतीच्या दिवशी मात्र त्या आल्या. पाळकांनी बाळाला हातात घेऊन प्रार्थना केली, आईवडिलांनी तिला विश्वासात वाढवण्याचं वचन दिलं, सगळ्या मंडळीनेही दिलं. सासूबाईंचा ‘आमेन’ सगळ्यांत मोठ्याने आला. घरी येताना मेट्रोत त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं आणि टिळकांचं एक भजन गुणगुणू लागल्या. मराठीत, भर लखनौत. समोरच्या बाईंनी विचारलं, कोणती भाषा आहे ही? सासूबाईंनी सांगितलं, आणि मग बादशाहनगर येईपर्यंत भजनाचा अर्थ आपल्या मोडक्या हिंदीत समजावत राहिल्या.