काटा खाली का येतो?

मिरकरवाड्याच्या जेट्टीला बोट बांधून ठेवलीय. इंजिन गार असताना ऑइल प्रेशर ठीक. तासभर चाललं की मंद गतीवर काटा 10 पीएसआयच्याही खाली. तांडेल म्हणतो, "मिस्त्री, जाड ऑइल टाका नि मोकळे व्हा." असले सल्ले मला आवडत नाहीत. जाड ऑइलने काटा वर चढतो, बिघाड जिथल्या तिथेच.

पण काट्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नाही. खाऱ्या हवेत सेंडरच्या वायरी कुजतात, अर्थिंग सुटतं. म्हणून सेंडर काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावला. आकडा तोच. तक्रार खरी.

मग डिपस्टिक. ऑइल कमी असेल असं सगळ्यांना वाटत होतं. ते तर खुणेच्या वर! न ओतता वाढलेलं ऑइल बघून पोटात गोळाच येतो. दुधाळ असतं तर कूलरमधून पाणी शिरलंय म्हटलं असतं. हे काळंच, पण पातळ. दोन बोटांत चोळलं तर चिकटपणा नाही, वास सरळ डिझेलचा. इंजेक्टरची गळती किंवा फीड पंपाचा फाटलेला डायफ्राम, दोन्हींतून डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि पातळ झालेलं ऑइल बेअरिंगच्या फटींतून प्रेशर न धरताच निसटतं.

रिलीफ व्हॉल्व्ह, चेंबरमधली जाळी नंतर. उद्या फीड पंप आणि इंजेक्टर उतरवायचे, मग ऑइल नि फिल्टर नवं. तरीही गरम इंजिनावर काटा बसलाच, तर मेन बेअरिंग उघडावी लागतील. ऐन हंगामात मालकाला ते सांगायचं कुणी?