बॉनेट पुण्यात, गाडी मुरुडात

मोठी पण हलकी वस्तू लांब पाठवायची वेळ आली की एक गोष्ट नीट कळते. आपण वजनाचे नाही, जागेचे पैसे मोजत असतो.

झालं असं, की मुरुडला बाबांच्या मारुती ८०० ला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने ठोकलं. बॉनेट आणि पुढचा बंपर कामातून गेला. "भंगारात काढा" असं सगळ्यांचं मत. पण आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूरला न्यावं लागतं, आणि परत येताना एसटीत उभं राहणं तिला झेपत नाही. त्यामुळे गाडी लवकर रस्त्यावर येणं भाग होतं. ८०० चं उत्पादन २०१४ सालीच बंद झालंय, पण पुण्यात नाना पेठेत दोन्ही पार्ट मिळाले. प्रश्न पाठवायचा!

आधी कुरिअर. बंपर उचलायला जेमतेम चार-पाच किलो. पण कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक वेळा ५००० ने भागतात. १४५ × ४५ × ४० केलं की उत्तर येतं ५२ किलो! म्हणजे सत्तेचाळीस किलो हवेचं भाडं आपण द्यायचं. धन्यवाद, नको. :)

मग शोधायचं काय? त्या गावाकडे तशीही जाणारी रिकामी जागा. लातूरहून डाळ, सोयाबीन घेऊन ट्रक पुण्याकडे येतात, त्यांना परतीचा माल हवाच असतो. म्हणून बॉनेट ट्रान्सपोर्टने, पार्ट लोडमध्ये. 'घरपोच'ऐवजी लातूरच्या गोडाऊनमधून उचलायचं ठरवलं की भाडं आणखी उतरतं. बंपर रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत. टेंभुर्णी-बार्शी-येडशी मार्गाची गाडी मुरुडातूनच जाते, बाबा पहाटे स्टँडवर उभे.

आता कामाच्या गोष्टी:

१. पार्ट रंगवून पाठवू नका. गावच्या पेंटरला रंग गाडीशी जुळवून मारायचाच असतो. प्रायमरवर ओरखडा आला तर बिघडत नाही.

२. बॉनेटच्या कडा आणि कोपरे आधी बांधा. पुठ्ठा, जुनी गोधडी, वर गोणपाट. पत्रा मधे नाही, कोपऱ्यात मुडपतो.

३. बिल्टी घ्याच, आणि तिच्यावर मालाची किंमत लिहून घ्या. २००७ च्या कायद्यात ट्रान्सपोर्टवाल्याची भरपाईची जबाबदारी मर्यादित आहे, जास्त किंमत लेखी जाहीर केली असेल तरच ती वाढते. ट्रॅव्हल्सच्या डिकीत पावतीशिवाय टाकलेला माल मात्र रामभरोसे. तिथे फक्त स्वस्त वस्तू.

४. काच पाठवायच्या फंदात पडू नका. लातूरलाच घ्या.

दोन्हीचा खर्च मिळून कुरिअरच्या निम्म्याहून कमी आला. वेळ लागला चार दिवस. तेवढे दिवस शेजारच्या काकांनी त्यांची जीप दिली, आणि डिझेलचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. ते कुठल्या फॉर्म्युल्यात बसवायचं, हे अजून कळलेलं नाही.